शतकभर जुन्या शाळेतले पितळी दिवे: उतरवण्यापासून पुन्हा टांगण्यापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा. शाळेची इमारत 1914ची आहे आणि सभागृह 1920च्या दशकात वाढवलेलं. सभागृहात पितळी साखळ्यांवर टांगलेले दुधी काचेचे आठ गोल दिवे आहेत आणि काचेवर हिरव्या-तपकिरी नक्षीचा पट्टा आहे. तसेच पण लहान दिवे काही वर्गांत आहेत, व्हरांड्यात भिंतीवरचे ब्रॅकेट आहेत. वायरमन म्हणतो सगळं उतरवा आणि एलईडी पॅनेल लावा. माजी विद्यार्थी म्हणतात दिवे घासूनपुसून नव्यासारखे चकचकीत करा. विश्वस्तांना विचारायचंय, यातलं काय करावं?

दोन्ही नको. काच, पितळ आणि टांगण्याची जागा हे तिन्ही ठेवा, आतली वीज संपूर्ण नवी करा, आणि वर्गात वाचण्यापुरता उजेड देण्याचं काम या दिव्यांवर टाकूच नका. हा शेवटचा मुद्दा बहुतेक ठिकाणी निसटतो आणि त्यापायीच चांगले दिवे भंगारात जातात, म्हणून आधी त्याचा हिशेब मांडतो.

साडेसात मीटर बाय सहा मीटरचा वर्ग म्हणजे 45 चौरस मीटर. वाचन-लेखनासाठी बाकावर 300 लक्स धरतात. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड आणि लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन, म्हणजे बाकांच्या पातळीवर 13,500 ल्युमेन पोचायला हवेत. दुधी गोल दिवा उजेड सगळीकडे फेकतो. छत आणि भिंती पांढऱ्या असल्या आणि धूळ जमेस धरली, तर त्यातला जेमतेम एक तृतीयांश बाकापर्यंत येतो. वर्गात असे चार दिवे आणि प्रत्येकात जुन्या 100 वॉटच्या तोडीचा, म्हणजे सुमारे 1,400 ल्युमेनचा बल्ब धरला, तर एकूण 5,600 ल्युमेन होतात. बाकावर पोचतात सुमारे 1,870, म्हणजे 41 लक्स. तेवढ्याच दिव्यांतून 300 लक्स काढायचे तर एकूण सुमारे 40,000 ल्युमेन लागतील. एकेका काचेत 10,000 ल्युमेन कोंबले तर काच डोळ्यांवर येईल आणि आतला बल्ब उष्णतेने काही महिन्यांत जाईल. हे दिवे त्या काळीही दिवसाच्या वर्गासाठी नव्हते. उंच खिडक्यांतून डाव्या हाताने येणारा उजेड हाच शाळेचा खरा दिवा होता. बल्ब लागायचे ते पावसाळी दुपारी, संध्याकाळच्या सभेला आणि संमेलनाला.

तेव्हा वर्गात वेगळ्या सर्किटवर चार फुटी एलईडी पट्ट्या लावा. 36 ते 40 वॉटच्या, प्रत्येकी सुमारे 4,000 ल्युमेन देणाऱ्या सहा पट्ट्या पुरतात. त्या तुळयांच्या बगलेला, छताच्या रंगात, फळ्याला समांतर न लावता खिडकीच्या भिंतीला समांतर दोन रांगांत बसवा. जुन्या दिव्यांचं बटण वेगळं ठेवा. सभागृहात मात्र जुने दिवे मुख्य ठेवता येतात, कारण तिथे 100 लक्सवर भागतं. व्यासपीठाला वेगळे दिवे द्या.

आधी ओळख, मग शिडी

इमारत 1914ची म्हणून दिवेही 1914चे, असं समजू नका. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं 1915मध्ये. मुंबईत त्याआधीही वीज होती, पण जिल्ह्याच्या गावांत ती पुष्कळ उशिरा पोचली. छताला दिव्याच्या आकड्याशेजारी दुसरा जाड लोखंडी आकडा दिसला तर तो बहुधा रॉकेलच्या दिव्याचा असतो. तो काढू नका. मुंबईतल्या जुन्या इमारतींत गॅसचे दिवे विजेवर बदललेलेही सापडतात. दिव्याच्या हातांवर लहान तोट्या आणि नळीच्या टोकाला आटे असले तर तो गॅसचा. त्या तोटीच्या आतली वाट अरुंद आणि तिरकी असते. तिथूनच वायर ओढलेली असते आणि तिथेच सोलली जाते.

बल्बच्या इतिहासावरूनही काळ कळतो. कार्बनच्या तारेचे बल्ब मंद होते, म्हणून त्यांच्या काचा उघड्या, फुलासारख्या, खाली तोंड केलेल्या. 1913मध्ये वायू भरलेले टंगस्टन बल्ब आले आणि ते डोळ्यांत खुपू लागले. बल्बची काच स्वच्छ पारदर्शक असे, आतून दुधी केलेले बल्ब 1925च्या सुमाराचे. त्यामुळे बल्ब पूर्ण झाकणारा बंद दुधी गोल हा मुख्यतः 1913नंतरचा प्रकार. तुमच्या सभागृहाच्या काळाशी तो नीट जुळतो.

काचेच्या मानेवर, काच धरणाऱ्या पितळी कडीच्या आतल्या अंगाला आणि छताला टेकणाऱ्या पितळी वाटीच्या पाठीमागे शिक्का शोधा. होलोफेन कंपनीच्या कंगोरेदार काचेवर नाव कडेलाच दाबलेलं असतं. ओस्लर, जी.ई.सी. ही विलायती नावंही भेटतात. पण सगळं विलायतेतूनच आलं असं धरू नका. तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना 1908चा आणि ओगलेवाडीचा 1916चा. काच साधी, किंचित हिरवट, आत बुडबुडे असलेली आणि शिक्का नसलेली दिसली, तर ती इथली असण्याची शक्यता नोंदवून ठेवा.

काच अस्सल दुधी आहे की नंतर रंगवलेली, हे मानेच्या कडेला दिसतं. चांगल्या जुन्या गोलाची कड उजेडात धरली की दोन पारदर्शक थरांमध्ये पांढरी रेघ दिसते. काही काचा आरपार पांढऱ्या असतात, त्याही जुन्या असू शकतात. आतून नखाने खरवडल्यावर पांढरं निघालं तर रंग आहे आणि बहुधा तो बदली गोल आहे.

प्रत्येक दिव्याला क्रमांक द्या: खोली, रांग, जागा. जमिनीपासून काचेच्या तळापर्यंतचं अंतर मोजा, साखळीच्या कड्या मोजा, चारी बाजूंनी फोटो घ्या. हे नसेल तर परत लावताना आठही दिवे वेगवेगळ्या उंचीवर लटकतात आणि सभागृहात शिरताच ते डोळ्यांना खुपतं. मुंबईत 1995पासून वारसा नियमावली आहे. इमारत श्रेणी एकमध्ये असेल तर आतल्या बदलांनाही ती लागू होते, तेव्हा उतरवण्याआधी परवानगीचा कागद हातात हवा.

उतरवताना

त्या सर्किटचा मुख्य पुरवठा बंद करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. जुन्या वायरिंगमध्ये बटण कित्येकदा फेजऐवजी न्यूट्रलवर असतं. बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते. टेस्टरने नव्हे, मीटरने तपासा. एक सोपी खूण: बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब मिणमिणत राहत असेल तर बटण न्यूट्रलवर असल्याचा संशय घ्या.

शिडीवर एकट्याने चढून गोल काढायचा नाही. चाकांचा मचाण आणि दोन माणसं लागतात. एकाने काच दोन्ही तळव्यांवर पेलायची, दुसऱ्याने कडीचे तीन स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने सैल करायचे. स्क्रू अडकला असेल तर भेदक तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. जोर केला तर स्क्रू नाही, काचेची मान तुटते. आधी काच, मग बल्ब, मग साखळीसकट पितळ, हा क्रम मोडू नका. प्रत्येक दिव्याचे स्क्रू, वॉशर, तुटके तुकडे त्याच क्रमांकाच्या पिशवीत.

मोठ्या बल्बच्या दिव्यांत कधी कधी वर राखाडी-पांढऱ्या तंतूंचा पुठ्ठा किंवा विणलेलं आवरण असतं. ते ॲस्बेस्टॉस समजूनच वागा. ओलं करा, खरवडू नका, पिशवीत बंद करा आणि योग्य माणसाकडे द्या. व्हरांड्यातल्या ब्रॅकेटवर ऑइलपेंटचे पाच-सहा थर असतील तर त्यांत शिसं असणारच असं धरून कोरडं घासणं बंद.

काच

प्लॅस्टिकच्या टबात तळाला जाड टॉवेल, कोमट पाणी, सौम्य डिटर्जंटचे काही थेंब. नक्षीचा पट्टा आधी ओल्या कापसाने एका कोपऱ्यात तपासा. कापसाला रंग लागला तर पट्टा भट्टीत भाजलेला नाही, नुसता वरून रंगवलेला आहे. मग बाहेरून पाणी लावायचंच नाही, मऊ ब्रशने धूळ झाडायची आणि आतूनच पुसायचं. हा पट्टा एकदा गेला की गेला, आणि हा पट्टा हीच तुमच्या दिव्यांची ओळख आहे. धुतलेली काच एक दिवस सावलीत वाळू द्या. मानेत ओल राहिली तर कडीला हिरवं चढतं.

कुठे तीन साखळ्यांवर टांगलेला, वर तोंड केलेला पसरट वाडगा असेल तर थांबा. तो काचेचा नसून अलाबास्टर या मऊ दगडाचाही असू शकतो. हाताला काचेपेक्षा मऊ लागतो, आत ढगांसारख्या शिरा दिसतात, लपलेल्या कडेला नखाने ओरखडा उठतो. हा दगड जिप्समचा, पाण्यात किंचित विरघळतो. कोरड्या ब्रशशिवाय काही वापरू नका.

फुटलेल्या गोलाची जोडी मिळवताना लोक फक्त गोलाचा व्यास सांगतात आणि काच परत येते. चार मापं लागतात: मानेचा बाहेरचा व्यास, मानेच्या ओठाची उंची, गोलाचा व्यास, गोलाची उंची. कडी सव्वातीन इंची, चार इंची किंवा सहा इंची असू शकते. काचेची मान त्याहून सुमारे तीन मिलिमीटर लहान असावी लागते. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात जुळणारा गोल कधी मिळतो. नाहीतर फिरोजाबादच्या कारागिरांकडून साचा करून फुंकून घ्यावा लागतो. तिथे एक गोल मागवू नका, किमान चार मागवा. साचा एकदाच पडतो आणि पांढरेपणा एका वेळी वितळवलेल्या काचेतच एकसारखा येतो. नवे गोल सभागृहाच्या एका टोकाला एकत्र लावा, जुन्यांमध्ये मिसळले तर फरक उठून दिसतो. आणि नव्या काचेच्या मानेवर आतून वर्ष कोरून घ्या.

पितळ, आणि माजी विद्यार्थ्यांचा आग्रह

चकचकीत पिवळं पितळ हे त्या काळच्या शाळेचं रूप असेलच असं नाही. पुष्कळ दिव्यांवर मुद्दाम तपकिरी, काळपट छटा आणून वर लाखेचा थर दिलेला असे. वाटीच्या छताला टेकलेल्या कडेत, जिथे हात पोचला नाही, तिथे मूळ रंग पाहा. तो जर तपकिरी असेल तर चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही लावणं म्हणजे मूळ काम पुसून टाकणं. आम्ल आणि वाळू मिळून नक्षीच्या कडा बोथट करतात आणि खाचांत राहिलेली पावडर पावसाळ्यात हिरवी होते.

अमोनिया असलेलं पॉलिश तर पूर्ण वर्ज्य, आणि त्याचं कारण नीट समजून घ्या. ओढून-दाबून घडवलेल्या पातळ पितळेत ताण साठलेला असतो. त्याला दमट हवेत अमोनिया मिळाला की पितळ बाहेरून कुठलाही धक्का न लागता चिरतं. ब्रिटिश लष्कराची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवली की अशीच चिरायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे कारण 1921मध्ये स्पष्ट झालं. शाळेत तबेला नाही, पण कबुतरं आणि वटवाघळं आहेत. त्यांची विष्ठा वाटीवर साचते आणि तिथे तोच अमोनिया तयार होतो. छताच्या वाट्या आणि काच धरणाऱ्या कड्या चक्रावर दाबून घडवलेल्या, जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर जाडीच्या असतात. प्रत्येक कडी भिंगाखाली, विशेषतः स्क्रूच्या भोकांभोवती, पाहिलीच पाहिजे. केसासारखी चीर दिसली तर त्या कडीवर काच टांगायची नाही. आतून पितळी पट्टी झाळून आधार देता येतो, किंवा नवी कडी घडवून जुनी पिशवीत ठेवायची. आणि सभागृहाच्या झरोक्यांना जाळी बसवल्याशिवाय दिवे परत लावूच नका.

झाळण्याआधी धातू ओळखा. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे, वर पितळेचा मुलामा. चिकटलं नाही पण ओरखड्यात राखाडी दिसलं तर जस्ताचं ओतीव काम. ते 420 अंशांच्या आसपास वितळतं, ज्योत लागली की हातात थेंब उरतात. खरं पितळ असेल तर पोचे काढायला पुण्याच्या तांबट आळीतल्यासारखा हात असलेला कारागीर शोधा, पण त्याला आधीच बजावा: घडवायचं, घासायचं नाही.

सफाई साध्या क्रमाने करा. आधी कोरडा ब्रश, मग सौम्य साबणाचं पाणी, लगेच पुसून कोरडं. निघत नसेल तर स्पिरिटचा बोळा, तोही लपलेल्या जागी तपासून, कारण जुनी लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाख टिकली असेल तर वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरे. ती पुरती गेलेली असेल आणि गाव समुद्राकाठी असेल, तर इन्क्रालॅक हे तांब्या-पितळेसाठीचं पारदर्शक लॅकर दोन पातळ हातांत. फिकट हिरवी, भुकटीसारखी झडणारी ठिपक्यांची पुरळ दिसली तर ती खारट हवेची लागण आहे. त्यावर मेण लावलं तर आत चालूच राहते. तो तुकडा संवर्धकाकडे द्या.

वीज

जुनी कापडी वेष्टनाची रबरी वायर दिवा लागतो म्हणून ठेवायची नाही. आतलं रबर वाळून ठिसूळ झालेलं असतं. हलवलं की तुकडे पडतात आणि उघडी तांब्याची तार पितळी नळीला टेकते. दिव्यात जुनं अर्थिंग नसतंच, त्यामुळे अख्खा दिवा फेजवर येतो.

नवी वायर तीन तारांची, 0.75 चौरस मिलिमीटर, उष्णता सोसणाऱ्या आवरणाची. कापडी वेष्टनाची नवी वायर मिळते, दिसायला जुनीसारखीच. साखळीत विणताना ती साखळीहून दहा-पंधरा टक्के लांब ठेवा, म्हणजे वजन कधीच वायरवर येणार नाही. नळीचं टोक कानशीने गुळगुळीत करून तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर सोलू न देणारी कडी, बसवा. साखळी म्हणजे अर्थिंग नव्हे. अर्थची तार टोकाला लग (धातूचं टोपण) दाबून, दातेरी वॉशरखाली, पितळावरची लाख तेवढ्याच जागी खरवडून बसवा. वाटी, नळी, कडी यांपैकी कुठल्याही भागापासून अर्थच्या टोकापर्यंतचा रोध अर्ध्या ओहमच्या आत हवा. एखादा सांधा तेवढा देत नसेल तर त्याला वेगळी जोडतार द्या.

होल्डर बदलताना आटे अडवतात. जुन्या विलायती नळीला अर्धा इंच व्यासावर इंचाला 26 आटे असतात आणि बाजारातला होल्डर 10 मिलिमीटरचा, एका मिलिमीटरच्या आट्याचा. लोक नळीच कापून नवे आटे पाडतात, ते करू देऊ नका. लेथवर एका बाजूला जुने आणि दुसऱ्या बाजूला नवे आटे असलेला पितळी जोड करून घ्या, शंभर वर्षांची नळी वाचते. जुना होल्डर पिशवीत. कडीचे तीन स्क्रू हरवले असतील तर तेही इंची मापाचे असतात. जवळपासचा मेट्रिक स्क्रू दोन आटे जातो आणि मग पातळ कडीतले आटे खातो.

दिव्यापर्यंतची लाइनही नवी लागेल. सागवानी केसिंग-कॅपिंग (जुन्या वायरी झाकणाऱ्या लाकडी पट्ट्या) भिंतीवर शोभेला रिकामी राहू द्या, नवी वायर कन्ड्युटमधून वेगळ्या वाटेने न्या. सर्किटला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. जोडणीआधी 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरने, तपासा: एक मेगओहमच्या खाली आलं तर लाइन चालू करायची नाही. पावसाळ्यात तपासलं तर आकडा आणखी खाली येतो आणि ते बरंच, खरी अवस्था तेव्हाच कळते. एलईडी बल्ब मेगर करताना काढून ठेवा. सगळं काम परवानाधारक ठेकेदाराच्या सहीने.

बल्बची निवड हलक्यात घेऊ नका. बाजारातला नेहमीचा एलईडी बल्ब खालच्या अर्ध्यात पांढरी टोपी आणि वरच्या अर्ध्यात उष्णता सोडणारं आवरण असा असतो. तो एकाच दिशेने उजेड फेकतो. गोलात लावला की काचेचा खालचा भाग झगमगतो आणि वरचा करडा राहतो. चौफेर उजेड देणारा, आतून दुधी, फिलामेंट प्रकारचा बल्ब घ्या: 2700 ते 3000 केल्विन, रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय) 90 किंवा वर, आणि बंद दिव्यात चालेल असं खोक्यावर लिहिलेलं असलेलाच. बंद काचेत उष्णता कोंडते आणि बल्बच्या मुळाशी असलेला कपॅसिटर आधी जातो. सगळे आठ बल्ब एकाच खेपेचे घ्या, चार जास्त घेऊन ठेवा. जुना पंख्याचा रेग्युलेटर कुठे या दिव्यांच्या वाटेत असेल तर तो काढा. पंख्याच्या पात्यांवर टांगलेला दिवा असेल तर उजेड चमकत राहतो. गोलाचा तळ पात्यांच्या खाली येईल अशी मूळ साखळी होती का, हे जुन्या फोटोंत पाहा. बहुतेकदा पंखा नंतरचा असतो, तेव्हा पंखाच सरकवा.

परत टांगणं

छतातला आकडा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. तुळईतल्या लाकडाला वाळवी आहे का, लोखंडी गर्डरच्या पट्टीला गंज चढलाय का, हे वाटी काढल्यावरच दिसतं. दिव्याच्या वजनाच्या चौपट वजन, वाळूच्या पोत्यांनी, एक तास टांगून ठेवा. चार किलोच्या दिव्याला 16 किलो. आकडा सरकला, लाकूड कुरकुरलं, फट वाढली तर तो आकडा बाद. शिवाय साखळीबरोबर दोन-तीन मिलिमीटरची स्टीलची दोरी वाटीपासून तुळईपर्यंत स्वतंत्र बांधा. ती किंचित सैल असावी, म्हणजे आकडा सुटला तरच ताण घेईल. खाली मुलं बसतात.

काच बसवताना कडी आणि मान यांच्यामध्ये पातळ सुती पट्टी किंवा सिलिकॉनचा तुकडा. तिन्ही स्क्रू काचेला टेकेपर्यंत फिरवा, मग पाव फेरा मागे. घट्ट पिळलेली काच त्या दिवशी टिकते आणि पहिल्या उन्हाळ्यात मानेपासून तडकते, कारण पितळ आणि काच सारखी प्रसरण पावत नाहीत. स्क्रू काचेच्या ओठाच्या खाली पकडत आहेत ना, हे तिन्ही बाजूंनी हात फिरवून पाहा. दोन पकडले आणि एक ओठावर टेकला, तर गोल सरळ दिसतो आणि वाऱ्याने निसटतो.

दरवर्षी मे महिन्यात, शाळा बंद असताना, मचाण लावून आठही दिवे पाहायचे: स्क्रू, चिरा, आरसीसीबीचं चाचणी बटण, झरोक्यांची जाळी, काचेतले मेलेले किडे. उरलेले गोल, जुने होल्डर, कापडी वायरचा एक वीतभर तुकडा आणि मापांची वही एकाच पेटीत, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. पेटीवर दिव्यांचे क्रमांक लिहा आणि शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत हे दिवे ‘विद्युत साहित्य’ म्हणून नाही, इमारतीचा भाग म्हणून चढवा. विद्युत साहित्य दहा-पंधरा वर्षांनी निर्लेखित होतं आणि पुढचा लिलाव त्यांचाच असतो.